खल वाजला की निघायचं

१४ एप्रिल

लामिन,

पाकीट न फोडताच फेकून द्यायची तुझी सवय मला ठाऊक आहे. म्हणून पाकिटावर ठळक लिहिलंय आणि इथे पुन्हा लिहिते: इनेस ठीक आहे.

आता पुढचं वाच.

तुझी लेक मंगळवारी बेटावर आली होती. ती सुट्टीत सफाक्सला मावशीकडे आली आहे हे तुला माहीत आहे. सकाळच्या बोटीनं इकडे यायचं, दिवसभर हिंडायचं आणि संध्याकाळच्या बोटीनं परत जायचं, हा बेत मात्र तुला माहीत नव्हता. "बाबांना सांगू नकोस हं, आत्या," असं तिनं मला फोनवरच बजावलं होतं. अकरा वर्षांनी कोणीतरी आत्या म्हणालं आणि माझी अक्कल चरायला गेली. मी हो म्हणून बसले.

दिवस छान गेला. जुन्या बुरुजावर गेलो, तिथे तिनं जमिनीतल्या दगडी चित्राचे शंभर फोटो काढले. सातूच्या पिठाचे तेलात मळलेले लाडू खाल्ले. "इथे कोणीच कसं येत नाही गं फिरायला?" असं म्हणाली. मी म्हटलं, "येतात की. वाट चुकलेले." खूप हसली. हसताना तुझ्यासारखीच मान मागे टाकते.

थोडं धुकं होतं. वाळूत काच होती, तिच्या तळपायाला लागली. दवाखान्यात चार टाके घातले. संध्याकाळची बोट चुकली म्हणून माझ्याकडे राहिली, सकाळी तिची मावशी रीम येऊन घेऊन गेली. जरासा ताप आहे, दोन दिवसांत उतरेल.

एवढंच. मी तिला तुझ्याबद्दल वावगं काही बोलले नाही. आणि एक सांगते, तिचं सगळं बोलणं खरं धरू नकोस. तापात पोरं काहीबाही बोलतात.

नेजिया

१८ एप्रिल

लामिन,

काल रीमचा फोन आला. तोंडाचा पट्टा सोडला तिनं. सफाक्सच्या डॉक्टरनं टाके पाहिले आणि म्हणाला, ही काच नव्हे, समुद्रतळाशी उभा रुतलेला मोठा शिंपला आहे. रीमनं ते तुला सांगितलं. तू एकच प्रश्न विचारलास म्हणे: "नेजियानं तिला कुठे नेलं होतं?"

  तेव्हा सांगते.

मी तिला आपल्या शरफियावर, बाबांच्या समुद्रातल्या कुडावर नेलं होतं.

तिनंच हट्ट धरला. बुरुजावरून तिला समुद्रात उभ्या झावळ्यांच्या रांगा दिसल्या. "हे काय, समुद्राला कुंपण?" मी सांगितलं, कुंपणच आहे. मासा कुडाच्या कडेकडेनं खोल पाण्याकडे जातो आणि टोकाच्या खोलीत अडकतो. इथे समुद्राचेही सातबारे असतात, बाळ. तो तिसरा कुड तुझ्या आजोबांचा. मग काय, पोरगी इरेला पेटली. "चल ना आत्या, एवढी आले आणि आजोबांचा समुद्र न बघता जाऊ?"

तू गेल्यापासून तो कुड हेदी लावतो, शेजारचा. त्याची होडी होती, तो नेतो म्हणाला असता. मी त्याला विचारलंच नाही. कोणालाच सांगितलं नाही. लामिनच्या मुलीला घेऊन मी त्या जागी निघाले आहे हे कळलं असतं, तर त्याच्या बायकोनं, मब्रूकानं दुपारपर्यंत बेटभर डांगोरा पिटला असता. म्हणून गुपचूप, ओहोटीचं पाणी बघून, चालत. घोट्याएवढं पाणी होतं. फोन पिशवीत ठेवून पिशवी किनाऱ्यावर ठेवायला मीच लावली. "पाण्यात फोन कशाला? माशांना दाखवायचा आहे?" मीच म्हणाले ते.

तुझी लेक चिखलात नाचत होती. मी चिडवलं, "फ्रेंच पायांना आमचा चिखल गोड लागतोय वाटतं." ती म्हणाली, "अर्धे पाय इथलेच आहेत, आत्या." मला फार बरं वाटलं. नंतर जे झालं ते झालं, पण ते दोन तास मला फार बरं वाटत होतं, हे लिहायला मी लाजत नाही.

मग तिनं विचारलं, आजोबा बुडाले तेव्हा कुठे सापडले? मी दाखवलं. कुडापासून पश्चिमेला ऐंशी पावलं, जिथे ऑक्टोपसची मडकी दोरीला ओवून तळाशी टाकलेली असतात, आणि त्यापलीकडे तो खोल चर आहे. आम्ही तिथे उभ्या असताना धुकं आलं.

कसं येतं ते तुला सांगायला नको. आधी बुरूज गेला, मग कुड गेला, मग माझेच गुडघे मला दिसेनात. इनेसला मजा वाटली. मी तिचा हात धरला आणि आपल्याला लहानपणी पढवलेलं तेच तिला सांगितलं: "हलायचं नाही. धुकं आलं की जागचं हलायचं नाही. किनाऱ्यावर घरची बाई पितळी खल वाजवते. प्रत्येक घराचा ठेका वेगळा. आपला तीन, मग थांबून एक. तो ऐकू आला की आवाजाच्या रोखानं निघायचं."

"दुसऱ्या घराचा ऐकू आला तर?"

"तर नाही निघायचं. दुसऱ्याच्या खलावर चाललेला माणूस दुसऱ्याच्या खाडीत पोचतो, आणि मधे चर असतो."

मग आम्ही उभ्या राहिलो, कान देऊन. मी छप्पन्न वर्षांची बाई, लामिन, आणि मी त्या नियमानं गुमान उभी राहिले. पाणी घोट्यावरून पोटरीवर आलं. उधाणाचे दिवस होते, मला माहीत होतं. पोटरीवरून गुडघ्यावर. आवाज नाही. गुडघ्याच्या वर. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आवाज येणारच नाही. आपल्या घरचा खल वाजवणारी बाई मी, आणि मी इथे पाण्यात. आम्ही बाहेर आहोत हे जगात कोणालाही माहीत नव्हतं. हल्ली तर प्रत्येकाकडे फोन, खल कोणी वाजवतच नाही.

  इनेसनं विचारलं, "आत्या, तू थरथरतेस का?" मी म्हटलं, "म्हातारी झाले, म्हणून."

मडक्यांची दोरी हाताला लागली म्हणून वाचलो. ओढून मडकी सोडवली, हेदीची अकरा मडकी फुटली असतील, फुटू देत. एक टोक इनेसच्या कमरेला बांधलं. सांगितलं, तू खुंटा. मी दुसरं टोक धरून कुड शोधते, तू ओरडत राहा. काय ओरडू म्हणाली. काहीही ओरड. तिनं शाळेतली कुठलीशी नद्यांची नावं ओरडायला घेतली, एकामागून एक. पहिल्यांदा मला कुड सापडला नाही. पायाखालची जमीन एकदम उतरली, छातीपर्यंत गेले; तो चर होता. परतले. तोवर नद्या संपल्या आणि ती नुसती "आत्या, आत्या" करायला लागली, आणि धुक्यात तो आवाज चहूकडून येत होता. तुझ्या मुलीला मी बाबांच्या जागेवर उभं केलं होतं, लामिन. बाबांच्याच जागेवर.

दुसऱ्या खेपेला हात झावळीवर आपटला. दोरी धरून तिला ओढून घेतली, तेव्हाच तिचा पाय कापला. पाणी तिच्या बरगड्यांपर्यंत होतं.

मग कुड धरून चालत आलो. झालं. हे खरं आहे. काच खोटी होती, बाकी हे खरं आहे. शिव्या द्यायच्या तर दे, पण लिहून दे, म्हणजे हात लावता येईल असं काहीतरी तुझ्याकडून येईल.

नेजिया

२१ एप्रिल

लामिन,

मागच्या पत्रात मी लिहिलं, "झालं." झालं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं. तीन दिवस झोप नाही. इनेस परवा तुझ्याकडे परत येते आहे. ती बोलेल. त्याआधी हे पत्र पोचेल की नाही ठाऊक नाही, पण मी बोटीवरच्या ओळखीच्या माणसाच्या हाती देते आहे, तो पलीकडून लगेच टाकेल.

कुडाला धरून चालताना काय झालं ते ऐक.

कुडावर हात ठेवला तरी घर कुठल्या टोकाला आणि खोल पाणी कुठल्या टोकाला, हे धुक्यात कसं कळणार? मी झावळी चाचपली. देठाची गोल पाठ एका बाजूला, खोलगट पोट दुसऱ्या बाजूला. पाठ घराकडे, पोट पाण्याकडे. बाबांचा नियम. दुसऱ्या कुणाच्या कुडात असा नियम नाही, लोक हाताला येईल तशी झावळी रोवतात. मी इनेसला सांगितलं, "पाठ शोध. पाठ जिकडे, तिकडे घर." ती पुढे, मी मागे, एकेक झावळी चाचपत.

आणि मग वाकण आलं. तुझं वाकण. त्या वर्षी वाळू सरकली म्हणून तू कुड पूर्वेला वळवलास तेच. हेदीनं अकरा वर्षं झावळ्या रोवायला तुझीच भोकं वापरली आहेत, वीतभरही हलवलेलं नाही.  त्या वाकणावर मी एकेक झावळी दोन्ही हातांनी पाहिली. सगळ्या झावळ्यांची पाठ घराकडे. एकही उलटी नाही. आंधळा माणूससुद्धा तिथून सरळ घरी आला असता.

आणि सगळं बेट गेली अकरा वर्षं म्हणतंय की लामिननं कुड वाकवला आणि बापाला चरात नेऊन घातलं.

इनेसनं तेव्हाच विचारलं. पाणी तिच्या छातीला लागलेलं, दात वाजत होते, आणि ही पोर विचारते: "आत्या, आज खल वाजला नाही, कारण आपण बाहेर आहोत हे कोणालाच माहीत नव्हतं. पण आजोबा बाहेर आहेत हे तुला माहीत होतं ना?"

"हो."

"मग तू वाजवलास?"

मी म्हटलं, "हात फुटेपर्यंत."

खोटं नाही ते. मब्रूका शपथेवर सांगेल, हेदी सांगेल, त्या दिवशी माझ्या तळव्यांतून रक्त आलं होतं. पण त्या पाण्याची जेवढी भीती वाटली नाही, तेवढी मला त्या उत्तराची वाटली. कारण तिनं पुढे विचारलं, "मग ते आले का नाहीत?" मी म्हटलं, "पाठ शोध, बोलू नकोस."

आता लिहिते. अक्षर लागलं नाही तर दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस, स्वतःच लाव.

त्या दिवशी सकाळी बाबांचं आणि माझं वाजलं होतं. तू बंदरावर होतास, तुला माहीत नाही. ताहर मास्तरांनी मला मागणी घातली होती. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती त्यांची. बाबा म्हणाले, "पंचेचाळीस वर्षांची घोडनवरी आणि मांडवात बसायची हौस! लोक हसतील. आणि मग माझा भात कोण रांधणार?" आणि तसेच मडकी उपसायला निघून गेले. माझा रागानं जाळ झाला होता.

अकराच्या सुमाराला धुकं आलं. मी खल उचलला, अंगणात नेला. आणि खाली ठेवला.

मनात म्हटलं, राहू देत उभे थोडा वेळ. कळू दे नेजिया घरात नसली तर काय होतं ते. मी चहा ठेवला. पुदिना घातला. एक पेला प्यायले. मग दुसरा प्यायले. मनातल्या मनात त्यांना सगळं सुनावलं, जे तोंडावर कधी बोलले नव्हते ते. छान वाटत होतं, लामिन. एक तास गेला. थोडा जास्तच. मग राग निवला आणि मी वाजवायला घेतला, आणि कोणी येईना, तेव्हा जीव खाऊन वाजवला, संध्याकाळपर्यंत, सगळ्या वस्तीनं ऐकलं.

फेब्रुवारी होता. सत्तरीचा माणूस, अंगावर लोकरीचा जड डगला. तासाभरात पाणी कुठवर आलं असेल आणि अंगात किती जोर उरला असेल, ते मला मंगळवारी कळलं. ते कुडापर्यंत गेलेच नव्हते. त्यांनी कुड शोधलाच नाही. मला दोरी सुचली, कारण मला माहीत होतं की कोणी वाजवणार नाही. त्यांना दोरी सुचायचं कारणच नव्हतं. त्यांना मी होते. त्यांनी नियम पाळला. जागचे हलले नाहीत.

दफनाच्या दिवशी अंगणात कोणीतरी म्हणालं, "पोरानं कुड वाकवला ना यंदा, म्हातारा फसला." तू माझ्याकडे पाहिलंस. तुला वाटलं मी काहीतरी बोलेन. आपल्या घरात तुझी बाजू नेहमी मीच घ्यायची. मी खाली पाहिलं. त्या क्षणी मला काय वाटलं सांगू? सुटले, असं वाटलं.

आठ दिवसांनी तू गेलास.

मास्तरांना मी नकार कळवला. त्यांनी कारण विचारलं नाही.

हे पत्र जाळ, फाड, इनेसला दाखव, काय ते कर. मला माफ कर असं मी लिहीत नाही, तेवढी निर्लज्ज अजून झाले नाही.

नेजिया

९ मे

लामिन,

तुझं उत्तर नाही. रोज बोटीच्या वेळी धक्क्यावर जाऊन उभी राहते. टपालवाला लांबूनच मान हलवतो.

मागच्या शुक्रवारी मी हेदीच्या अंगणात गेले. नमाजानंतर पाचसहा जण बसलेले असतात, मब्रूकाही होती. खांब धरून उभी राहिले आणि सगळं सांगितलं. चहाच्या पेल्यांसकट सांगितलं.  मब्रूका उठून आत गेली, आता ती माझ्या सलामाला उत्तर देत नाही. द्यावं तरी का?

हेदी मात्र बसून राहिला. मग म्हणाला, "नेजिया, मी अकरा वर्षं त्याच भोकांत झावळ्या रोवतोय, त्यानं ठेवली तशीच पाठ घराकडे ठेवून. कुड चुकला असता तर मी रोवला असता?"

मी म्हटलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तुझा खल उशिरा सुरू झाला, हे मला माहीत होतं. तू बोलशील म्हणून थांबलो."

तो थांबला, तू थांबलास, बाबाही थांबले. माझ्या एका आवाजासाठी किती माणसं उभी राहिली.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र. काल इनेसचा फोनवर निरोप आला. शब्दन् शब्द उतरवते:

"आत्या, पाय बरा आहे. तुझं तिसरं पत्र बाबांनी वाचलं. चार दिवस बोलले नाहीत, कामावर पण गेले नाहीत. मला भीती वाटली. मग आज जेवताना ताट बाजूला सारलं आणि टेबलावर मुठीनं वाजवायला लागले. तीनदा, मग थांबून एकदा. पुन्हा तीनदा, मग एकदा. आईनं विचारलं, हे काय? तर म्हणाले, काही नाही. पण थांबेनात. आत्या, हा तोच ठेका आहे ना?"

मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही. तूच सांग तिला.

ते बोलावणं होतं, की मी जे ऐकवलं नाही ते तू मला ऐकवत होतास, मला कळत नाही. रात्रंदिवस तेच डोक्यात वाजतंय. मला फार भीती वाटते, लामिन. दार उघडशील आणि माझं तोंड बघून पुन्हा लावून घेशील, याची भीती वाटते. सफाक्सपलीकडे मी कधी गेले नाही. विमानाची भीती वाटते, फ्रेंच व्हिसाच्या खिडकीतल्या साहेबाची भीती वाटते, तो विचारेल कशाला जायचंय आणि मला सांगता येणार नाही.

पण आपल्या घरचा ठेका आहे तो, दुसऱ्या कुणाचा नाही. आणि तो ऐकू आल्यावर उभं राहायचं नसतं. उद्या सकाळच्या बोटीनं कागदपत्रं करायला सफाक्सला जाते. कागद मिळायला महिना लागेल की वर्ष, देव जाणे. कोंबड्या हेदीकडे सोपवल्या आहेत. खल पिशवीत घातला आहे, फार जड आहे, पण नेणार.

मी निघाले आहे. तू वाजवत राहा, आणि जागचा हलू नकोस.

नेजिया